एका नाडीवर दोन पट्टे

यंत्रमागाच्या कारखान्यात ज्याचे आयुष्य गेले त्याचे कानही तेथेच गेले, हे इचलकरंजीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अठ्ठेचाळीस माग एकाच वेळी चालू असले म्हणजे शेजारच्या माणसाने कानाशी तोंड लावून ओरडले, तरी कानाला केवळ त्याचा श्वास लागतो. शब्द लागत नाही. त्यामुळे आम्ही कामगार हातांनी, भुवयांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलत असू. सुताची तार तुटली, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलाव, मालक आला, बायको माहेरी गेली आहे, या सर्वांसाठी खुणा होत्या आणि त्या कोणी ठरवून केलेल्या नव्हत्या. भूपाल मगदूम आणि मी, दिनकर हावळ, या भाषेत समोरासमोरच्या मागांवर उभे राहून अडतीस वर्षे बोललो.

कारखाना बंद पडला त्यास आता नऊ वर्षे झाली. नवे माग माणसावाचून चालतात. कारखान्याच्या पाठीमागची एक खोली मालकांनी भूपालला राहावयास दिली होती, ती तशीच त्याच्याकडे राहिली. त्या खोलीत त्याचा संसार झाला आणि चार वर्षांपूर्वी त्याची पत्नी, पद्मावती वहिनी, त्याच खोलीत वारली. माझी पत्नी तत्पूर्वीच गेली होती. त्याचा मुलगा अजित बंगळुरास, माझी मुलगी सांगलीस. रोज दुपारी दोन वाजता मी भूपालकडे जाई आणि कारखान्याच्या बंद दरवाजापुढील पायरीवर आम्ही सहा वाजेपर्यंत बसत असू. त्या चार तासांत आमच्यात पंधरा-वीस खुणांपेक्षा अधिक व्यवहार होत नसे. रस्त्याने कोणी ओळखीचा गेला की भूपाल दोन बोटे मांडीवर चालवून त्याच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करी, मी हसे, आणि पुन्हा आम्ही स्वस्थ बसत असू.

सन दोन हजार त्रेचाळीसच्या जानेवारीत आमच्या भागात ‘सांगाती’ ही योजना आली. सत्तरीच्या पुढील आणि एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधावयाचा, असे तिचे स्वरूप होते. पट्टे घेऊन फरजाना मोमीन नावाची सेविका आली. तिचे वडील आमच्याच कारखान्यात धोट्याच्या कांड्यांवर सूत भरत असत, म्हणून ती आम्हांस काका म्हणे.

“काका, ह्यानं तुमचा एकटेपणा मोजता येतो,” ती प्रत्येक शब्दाला ओठ पुरते उघडून म्हणाली. विणकराच्या मुलीला हे शिकवावे लागत नाही.

भूपालने मला खूण केली, “हिला इचार, किती मीटर भरला म्हणून.”

मी ते तिला सांगितले. ती हसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

तिने दिलेली पुस्तिका मी चार वेळा वाचली. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले असले तरी वाचनाची आवड मी सोडलेली नाही, आणि त्या पुस्तिकेतील शास्त्र मला जसे समजले तसे येथे देतो. कळपातून सुटलेल्या जनावराला जखम होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून एकटे पडलेल्या प्राण्याचे रक्त जखम होण्यापूर्वीच जखमेची तयारी करून ठेवते. पांढऱ्या पेशींतील दाह उत्पन्न करणारी जनुके जागी होतात आणि विषाणूंशी लढणारी जनुके मंदावतात. ही तयारी दोन दिवस चालली तर उपकारक ठरते. दोन वर्षे चालली तर तीच तयारी रक्तवाहिन्या, हृदय आणि मेंदू आतून पोखरते. माणूसही यास अपवाद नाही. सदर पट्टा घामातील कॉर्टिसॉल नावाचे ताणद्रव्य मोजी, नाडीच्या दोन ठोक्यांमधील अंतर मोजी, पावले, ठिकाण, ऊन आणि झोप यांची नोंद ठेवी. त्यात एक सूक्ष्म कानही होता. तो शब्द साठवीत नसे. दिवसभरात किती शब्द बोलले गेले, किती ऐकले गेले आणि माणूस किती वेळा हसला, इतकेच मोजी. या सर्वांपासून शून्य ते शंभर असा एक आकडा निघे. त्यास एकांतांक म्हणत. त्या आकड्यानुसार दररोज सकाळी दिनचर्या सुचविली जाई: अमुक इतके चाला, अमुक मंडळात गायला जा, रात्रीचे जेवण लवकर घ्या, मुलीशी बोला. माणूस पडला तर पट्टा आपण होऊन रुग्णवाहिका बोलावी.

एका महिन्याने फरजाना पुन्हा आली. माझा एकांतांक छप्पन्न होता. भूपालचा अठ्ठ्याहत्तर. तिच्या चेहऱ्यावर या वेळी हसू नव्हते.

“साठच्या वर नव्वद दिवस राहिला तर सहवासगृहात न्यावं लागतंय, काका. नियमच आहे तसा. मिरजेच्या पलीकडं आहे, चांगलं आहे, माणसं असतात, डॉक्टर असतात. भूपालकाका दिवसातनं सतरा शब्द बोलतात, फक्त सतरा.”

“आनि त्यातले बारा मांजराला,” भूपालने हातांनी सांगितले.

अजितचा दूरध्वनी आला तेव्हा तो मलाच घ्यावा लागला. भूपालला यंत्रातून काहीच ऐकू येत नसे. मलाही ध्वनी पूर्ण वाढविल्यावर कसेबसे कळे. मी एका हाताने यंत्र कानाशी धरून दुसऱ्या हाताने मुलाचे बोलणे बापाला पोहोचवीत होतो.

“दिनकरकाका, त्यांना सांगा, मी संमतीवर सही केलीय. आई गेल्यापासनं मला झोप नाही. तिथं निदान कुणीतरी बघेल. मी हितनं काय करू?”

मी खुणेने सांगितले.

“त्याला म्हणावं, तुझी आई ह्या खोलीत मेली. मी पन हितंच मरनार.”

“काय म्हणतात?” अजितने विचारले.

“विचार करतो म्हणतोय,” मी म्हणालो.

माझे ओठ भूपालने वाचले. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला मान खाली घालावी लागली. दूरध्वनी ठेवल्यावर तो उठून आत गेला आणि दहा मिनिटांनी बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते. त्याने भिंतीला हात लावला, मग स्वतःच्या छातीला, आणि मान हलविली. त्याला उपटून नेले तर तो जगणार नाही, हे त्याने मला आयुष्यात एकदाच आणि अशा रीतीने सांगितले.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. प्रत्येक कामगाराकडे चार माग असत. एखाद्यास ताप आला किंवा पोराच्या शाळेतून बोलावणे आले, तर तो हळूच निघून जाई आणि समोरचा आपले चार आणि त्याचे चार असे आठ माग बघे. कापड गैरहजर माणसाच्याच नावावर पडे. याला माग बघणे म्हणत. मालकास हे सांगण्याची पद्धत नव्हती, आणि यात कोणाची फसवणूक होते असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही. उलट ज्याने दुसऱ्याचा माग बघण्यास नकार दिला, त्याच्याशी पुढे कोणी बोलत नसे. कारखाना चालू असतानाच्या वहिनीच्या एका आजारपणात मी भूपालचे माग अकरा दिवस बघितले होते.

मी त्याच्या पट्ट्यावर बोट ठेवले आणि खूण केली, “तुझा माग मी बघतो.”

त्याने पट्टा मनगटावर फिरवून पाहिला. मग त्याने विचारले, “जमल?”

अडचण एकच होती. पट्टा कातडीपासून पाच सेकंदांहून अधिक काळ सुटला की तो माणसाची ओळख विसरे आणि बोटाचा ठसा मागू लागे. शिवाय तशी सूचना कार्यालयात जाई. परंतु चालत्या मागावर तुटलेली तार पकडून तिला गाठ मारण्यास आम्हांस दोन सेकंद पुरत. आम्ही पायरीवर बसलो, बोटांत बोटे गुंतविली, आणि मी तो ताणला जाणारा पट्टा त्याच्या मनगटावरून माझ्या मनगटावर सरकवून घेतला. पट्ट्यावरील हिरवा दिवा एकदा लुकलुकला आणि पुन्हा स्थिर झाला. भूपालने आनंदाने मांडीवर थाप मारली. इतक्या वर्षांत त्या दिवशी प्रथमच आम्ही एकमेकांचे हात हातांत धरले असावेत.

असा क्रम सुरू झाला. सकाळी सहाला मी त्याचा पट्टा घेई, संध्याकाळी सहाला परत देई. रात्री तो त्याच्याच हातावर राही, जेणेकरून पडझड झाल्यास मदत यावी. दिवसभर मी दोन्ही दिनचर्या पाळू लागलो. त्यांत माझा स्वार्थ नव्हता, असे मला त्या वेळी वाटत होते.

खरे सांगावयाचे तर त्या दिनचर्येत खोटे काहीच नव्हते. मी पहाटे पंचगंगेच्या दिशेने चालू लागलो. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या गच्चीवर योजनेच्या मंडळाने भाजीचे वाफे केले होते, तेथे मेथी आणि दोडका लावू लागलो. दुपारी दोन ते पाच गायनमंडळ असे. ते चालविणाऱ्या मालूताई तारळेकर म्हणजे निवृत्त शिक्षिका, जीभ मोठी तिखट.

“हावळ, तुम्ही सूर लावता की माग चालू करता?” त्यांनी पहिल्याच दिवशी सर्वांसमोर विचारले.

योजनेतून मला श्रवणयंत्र मिळाले. पहिल्या दिवशी चहात साखर ढवळल्याचा आवाज आला आणि मला रडू कोसळले. दोन महिन्यांत माझा रक्तदाब उतरला, झोप लागू लागली, मुलीशी रोज बोलणे होऊ लागले. मी पुस्तिकेत वाचलेले सारे शास्त्र माझ्या देहात खरे होत होते. एकटा माणूस चालला, गायला, मातीत राबला, चार माणसांत बसला तर त्याचे रक्त खरोखर शांत होते, याची साक्ष मी आजही देईन.

भूपालने श्रवणयंत्र नाकारले. “आता काय ऐकायचं ऱ्हायलंय?” असे त्याने फरजानाला खुणेने सुनावले होते. मीही आग्रह केला नाही. त्याला एकदा गायनमंडळात घेऊन जावे, असेही माझ्या मनात आले होते. परंतु तेथे मी दोन पट्ट्यांचा माणूस म्हणून परिचित झालो होतो, आणि बिनपट्ट्याचा भूपाल शेजारी बसला तर दुसरा पट्टा कोणाचा हे उघड होईल, अशी मला भीती वाटली.

दुपारचे बसणे बंद झाले. मी संध्याकाळी पट्टा देण्यास जाई, पाच-दहा मिनिटे थांबे आणि निघे, कारण साडेसहास रात्रीचे जेवण घेण्याची आज्ञा होती. एकदा मी त्याला मालूताईंची काही गंमत सांगत होतो. तो माझ्या तोंडाकडे न पाहता माझ्या कमरेकडे पाहत होता.

“काय रं?” मी विचारले.

“बोलताना हात खिशात घालतोस तू आता,” त्याने खूण केली.

मी हात बाहेर काढले. परंतु मला जे सांगावयाचे होते त्याची खूण मला तत्क्षणी आठवली नाही.

“असू दे,” तो म्हणाला. हे त्याने तोंडाने म्हटले. त्याचा आवाज मला प्रथमच श्रवणयंत्रातून ऐकू आला. तो बारीक आणि मोडका होता, एखाद्या आजारी बाईचा असावा तसा. मी दचकलो ते त्याने पाहिले.

भूपालचा एकांतांक महिन्याभरात अठ्ठ्याहत्तरावरून पंचावन्नावर, आणि पुढे एकतीसवर आला. फरजाना पेढे घेऊन आली. नव्वदाव्या दिवशी चाळीसच्या आत राहिला तर प्रकरण कायमचे बंद होणार होते. तिने आणखी एक पत्र आणले. संपूर्ण जिल्ह्यात आमची जोडी पहिली आली होती.

“दोघांच्या नाड्या एका तालात चालतात, काका! जिवाभावाची माणसं एकत्र गायला लागली, चालायला लागली की हृदयाचे ठोके जुळतात म्हणे. त्याला समताल म्हणतात. तुमच्याएवढा समताल कुणाचाच नाही. साहेब म्हणाले, असली मैत्री बघितली नाही.”

मी भूपालसाठी ते खुणांत सांगितले. त्याने पेढा हातात घेतला, तो बराच वेळ न्याहाळला आणि मांजरापुढे ठेवला.

एका मनगटातील नाडीस दोन पट्टे लावले तर ठोके जुळणारच, हे मला तेव्हाच उमगावयास हवे होते. उमगले नाही. मला अभिमान वाटला.

नव्वदावा दिवस एका रविवारी येत होता. त्याच शुक्रवारी सकाळी गायनमंडळाची सहल रत्नागिरीकडील समुद्रावर निघणार होती. परत येणे रविवारी दुपारी. मी नको म्हणू शकलो असतो. दोन्ही पट्टे बांधून मी गावातच चाललो असतो, गच्चीवरच्या वाफ्यांत बसलो असतो, तरी आकडा चाळीसच्या आत राहिला असता. पट्टा त्याच्या हातावर ठेवून गेलो असतो, तर शेवटच्या तीन दिवसांत आकडा वर गेला असता आणि सारे श्रम वाया गेले असते, असा युक्तिवाद मी भूपालपुढे मांडला. तो युक्तिवाद खरा होता. परंतु त्याचे मूळ असे की मला जायचे होते.

“म्हंजे तीन दिस मी बिनपट्ट्याचा,” त्याने खूण केली.

“रविवारी दुपारी येतोच की.”

“जा. शिंपले आन मांजराला.” आणि त्याने बोटे गुंतविण्यासाठी हात पुढे केला.

शनिवारी सकाळी मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. समुद्राचा आवाज मी जन्मात प्रथमच ऐकत होतो. मालूताई वाळूवरून ओरडत होत्या, “हावळ, आत जाऊ नका, तुम्हांला काढायला आमच्यात कोणी तरुण नाही!” आणि आम्ही सारे हसत होतो. दोन्ही पट्ट्यांनी ते हसू मोजले. भूपालच्या पट्ट्याने त्या दिवशी आजवरचा सर्वांत कमी आकडा दाखविला: एकवीस.

रविवारी तीन वाजता मी त्याच्या खोलीशी पोहोचलो. दारावरच्या खिळ्याला खाणावळीचे तीन डबे लटकत होते. डबा आणणारी चाकांची पेटी हल्ली स्वतःच येते, डबा अडकविते आणि निघून जाते. कालचा का उचलला नाही, असे ती विचारीत नाही. दार आतून नुसते लोटलेले होते. भूपाल मोरीच्या उंबऱ्यावर उजव्या कुशीवर पडला होता. त्याचे डोळे उघडे होते आणि त्याने मला ओळखले.

डॉक्टरांनी सांगितले की मेंदूतील रक्तवाहिनी शनिवारी सकाळी बंद झाली असावी. साडेचार तासांच्या आत आणले असते तर गुठळी विरघळविता आली असती आणि बहुधा तो चालत घरी गेला असता. तो तीस तास पडून होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली, जी तशी त्याच्याकडे थोडीच होती.

अजित आला. त्याने माझे पाय धरले. “काका, तुम्ही नसता तर तेवढंही कळलं नसतं.” मी त्यास उठविले.

चौकशी सुरू झाली. पडलेल्या माणसाची सूचना का आली नाही, हा प्रश्न होता. रुग्णालयात पोहोचल्यावर, परिचारिकेची पाठ वळताच, मी तो पट्टा भूपालच्या हातावर परत सरकविला होता. शंभर वेळा केलेली गोष्ट. हातांनी ती मला न विचारता केली. त्यामुळे पट्टा निर्दोष आढळला, आणि नोंदीनुसार भूपाल मगदूम शनिवारी समुद्रात उभा राहून हसत होता. मोरीत पडलेला माणूस समुद्रात कसा, याचे उत्तर कार्यालयाने असे काढले की सेविकेने दोन वृद्धांच्या नोंदींची अदलाबदल केली असावी. फरजानाला कामावरून दूर करण्याची नोटीस निघाली.

ती माझ्या घरी आली. बसली नाही.

“काका, मी काही केलेलं नाही. तुम्हांला तर माहितीये ना?”

मी तिला सर्व सांगितले. ती ऐकत गेली तसतशी भिंतीला टेकली. माझे बोलणे संपल्यावर तिने मला शिवी द्यावी, असे मला वाटत होते.

“माझे अब्बा पण असंच माग बघायचे,” ती एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन लेखी कबुली दिली. फरजानाची नोटीस रद्द झाली. त्यानंतर एक अधिकारी आणि ती, असे दोघे भूपालच्या जुन्या नोंदी उघडून बसले, आणि मलाही बसावयास सांगितले. पडद्यावर पहिल्या महिन्याचे आलेख होते, पट्टा प्रत्यक्ष भूपालच्या हातावर असतानाचे. ताणद्रव्याची रेषा सकाळपासून उंच चाले. दुपारी दोनच्या सुमारास ती उतरू लागे आणि सहापर्यंत खाली राही. इतकी खाली की अधिकाऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. नाडी सावकाश होई. दररोज असेच, एकही दिवस चुकला नव्हता.

“ह्या वेळात ते काय करत होते? कुठलं औषध घेत होते का?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“बसत होता,” मी म्हणालो. “माझ्याबरोबर.”

“पण बोलणं शून्य आहे.”

“होय.”

एकांतांक काढताना शब्दांना सर्वाधिक वजन दिले जाते, असे त्यांनी सांगितले. ज्या लोकांवर प्रयोग करून हे सूत्र बसविले, ते सारे बोलणारे होते.

फरजाना रडत होती. “मला एकच आकडा दिसतो, काका. आतलं बघ म्हणून कुणी सांगितलंच नाही.”

त्यानंतर त्यांनी पुढील दोन महिन्यांतील रात्रींचे आलेख काढले, कारण रात्री पट्टा त्याच्याच हातावर असे. ती रेषा मी येथे वर्णन करू इच्छीत नाही. ती चढतच गेली होती. दिवसाचे माझे हसणे आणि रात्रीचे त्याचे रक्त यांची सरासरी होऊन एकतीस हा आकडा येत होता. माझी दिनचर्या ज्या दुपारी मला बरे करीत होती, नेमक्या त्याच दुपारी मी त्याच्यापासून काढून घेतल्या होत्या.

भूपालला सहवासगृहात हलविले. ज्याच्या हातून एखाद्या सांगात्याची, म्हणजे योजनेतील पट्टाधारकाची, नोंद बिघडली त्याने त्या सांगात्यास भेटू नये, असा नियम आहे. फरजानाने अर्ज केला, आणि मला एकदाच, तिच्या उपस्थितीत, अर्ध्या तासाची परवानगी मिळाली.

सहवासगृह स्वच्छ आहे. दालनात वीस खाटा आहेत, दिवसभर भजने लावलेली असतात, परिचारिका मोठमोठ्याने आणि प्रेमाने बोलतात. तेथील परिचारिकेने मला आनंदाने सांगितले की मगदूम आजोबांचा एकांतांक आता तेहतीस आहे, अगदी समाधानकारक. त्यांच्या कानांवर दिवसाला नऊ हजार शब्द पडतात.

तो खिडकीकडे तोंड करून टेकून बसला होता. मी समोर गेलो. उजवा हात मांडीवर पडला होता. डावा त्याला हलविता येत होता, कारण मला पाहताच त्याने डाव्या हाताने पांघरूण सारखे केले. मी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवले. मग खुणांनी सांगावयास लागलो. पट्ट्याचे सांगितले, फरजानाचे सांगितले, दुपारच्या रेषेचे सांगितले. मला जायचे होते म्हणून मी गेलो, हेही सांगितले. त्यासाठी आमच्यात खूण नव्हती, ती मी तेथेच तयार केली आणि त्याला ती समजली. तो सर्व वेळ माझ्या हातांकडे पाहत होता. शेवटी मी विचारले, “मी काय करू?”

त्याने हातांवरून नजर उचलून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि डोळे मिटले.

ऐकू न येणाऱ्या दोन माणसांत डोळे मिटले की मागे काही उरत नाही. मी त्याच्या डाव्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही आणि धरलाही नाही. अर्धा तास संपेपर्यंत मी तसाच उभा राहिलो. मग फरजानाने माझ्या दंडाला स्पर्श केला, आणि परिचारिका वाकून त्याच्याकडे पाहत काहीतरी म्हणाली. मी तिचे ओठ वाचले.

“झोप लागली बघा आजोबांना. तुम्ही आलात, बरं वाटलं असणार.”

मी मान डोलावली. पाळीच्या मध्यंतरात कापडाच्या ताग्यांवर झोपलेल्या भूपालला मी शेकडो वेळा पाहिले आहे. झोपेत त्याचे तोंड नेहमी उघडे पडते. ते घट्ट मिटलेले होते.